लाल गोंड्यांची टोपी : एका जर्मन चित्रपटाच्या मराठी सबटायटलची नोंदवही

27 एप्रिल 2025, रविवार

आई-बाबा सांगलीहून येऊन पाच दिवस झाले. दुपारी जेवणं झाल्यावर टीव्ही लावला तर जुना रंगीत चित्रपट चालू होता. डोंगर, फरची झाडं, डोक्यावर लाल लोकरी गोंड्यांची टोपी घातलेली मुलगी, आणि दर दहा मिनिटांनी गाणं. बाबा खुर्ची ओढून पुढे सरसावले. आई दर वाक्याला विचारू लागली, "काय म्हणाली ती?" मी सांगेपर्यंत पुढचं वाक्य निघून जायचं. माझी आठ वर्षांची लेक मध्येच दुसरंच काहीतरी सांगायची. शेवटी आई म्हणाली, "खाली मराठीत लिहून येत नाही का?"

येत नाही. तर आपणच करू. अठरा जुलैचं त्यांचं परतीचं विमान आहे, म्हणजे अकरा-बारा आठवडे हातात आहेत.

चित्रपट 'श्वार्त्सवाल्डमेडेल', म्हणजे ब्लॅक फॉरेस्ट या डोंगराळ रानातली पोर, 1950. दिग्दर्शक हान्स डेप्पे. लेऑन येसेल यांच्या 1917 च्या ऑपेरेटावरून, म्हणजे हलक्याफुलक्या संगीत नाटकावरून. महायुद्धानंतरचा पश्चिम जर्मनीतला पहिला रंगीत चित्रपट म्हणून हा ओळखला जातो. पहिला खेळ 7 सप्टेंबर 1950 ला आमच्या याच श्टुटगार्टमध्ये झाला होता, हे आज कळलं. इथे राहून नऊ वर्षं झाली मला.

1 मे

सुट्टी. डीव्हीडी आली. आवाज ऐकून वेळा टिपायला सुरुवात. मोफत मिळणारं 'सबटायटल एडिट' वापरतेय.

नेहमीचा नियम असा की एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण 42 अक्षरं, आणि सेकंदाला पंधरा-सतरा अक्षरांपेक्षा जास्त वाचायला लावू नये. हे नियम रोमन लिपीचे. देवनागरीत मोजायचं काय? 'स्त्री' हे डोळ्यांना एकच अक्षर, सॉफ्टवेअरला सहा: स, हलन्त, त, हलन्त, र, आणि वेलांटी. म्हणून 'स्त्रीशक्ती' लिहिलं की लगेच लाल पट्टी येते. मी सॉफ्टवेअरचा इशारा बंद केला आणि आईला समोर बसवलं. चष्मा लावून तिची ओळ वाचून झाली की तिने बोट वर करायचं. या पद्धतीत अजून तरी दोष सापडलेला नाही.

4 मे, रविवार

पहिली वीस मिनिटं कच्ची झाली.

गोष्ट थोडक्यात: सराफाकडे सेक्रेटरीचं काम करणारी बेर्बेले एका वेषांतराच्या नाचाला ब्लॅक फॉरेस्टच्या पारंपरिक पोशाखात जाते. तिथे तिला चित्रकार हान्स भेटतो, आणि सोडतीत तिला चक्क मोटार लागते. हान्स मात्र माल्वीना नावाच्या रंगमंचावरच्या तारकेत आधीच अडकलेला. मग सगळी वरात ब्लॅक फॉरेस्टमधल्या सांक्ट क्रिस्टोफ नावाच्या गावी. तिथे बेर्बेले एका वयस्क संगीतकाराचं घर सांभाळते आणि त्या बिचाऱ्याला वाटू लागतं की आपल्या आयुष्यात पुन्हा वसंत आला.

बेर्बेले झालीय झोन्या झीमान, हान्स झालाय रुडोल्फ प्राक. ही जोडी इतकी गाजली की लोक दोघांची नावं जोडून 'झीप्राक' म्हणत. पुढच्याच वर्षी याच दिग्दर्शकाने दोघांना पुन्हा एकत्र आणलं.

नावाचा प्रश्न. 'ब्लॅक फॉरेस्टची पोर' लिहिलं तर आमच्याकडच्या माणसाला आधी केक आठवणार. लेकीने तेच विचारलं, "आजी, केकवाली मुलगी?" आईने 'काळ्या रानाची लेक' सुचवलं. ऐकायला छान, पण त्यात भुताखेताचं काहीतरी असेल असं वाटतं. सध्या मूळ नावच ठेवलंय.

7 मे

'बेर्बेले'तला शेवटचा 'ले' इकडच्या बोलीत लाडाचा. 'मेडेल' म्हणजे मुलगी, तिचं इथे 'मेडले' होतं. आपल्याकडे छोटुकली, सोनुली म्हणतात तसं. आईचं म्हणणं 'बेर्बू' करावं. नाही केलं, पडद्यावर 'बेर्बेले' स्पष्ट ऐकू येतं, कानाला एक आणि डोळ्याला दुसरं नको.

मात्र गावातल्या लोकांना कोल्हापुरी किंवा मालवणी बोलायला लावायचं नाही, हे ठरवून टाकलं. हसू येईल, पण गाव इथलं राहणार नाही.

'झी' आणि 'डू' यांची काळजी नव्हती. आपल्याकडे तुम्ही आणि तू आहेच. इंग्रजी सबटायटल करणाऱ्याला जे कधी जमायचं नाही, ते आपल्याला एका क्रियापदात मिळतं.

11 मे, रविवार

आजचा अख्खा दिवस एका पदवीवर गेला. त्या वयस्क गृहस्थांना सगळे 'डोमकापेलमाइस्टर' म्हणतात. डोम म्हणजे कथीड्रल, कापेलमाइस्टर म्हणजे तिथला वाद्यवृंद आणि गायकवृंद चालवणारा. नाव ब्लासियुस र्‍योमर. 'कथीड्रलचे संगीतप्रमुख' लिहिलं की त्यातच एक ओळ संपते आणि संवाद राहतो बाजूला.

बाबा म्हणाले, "बुवा लिही. ब्लासियुसबुवा." मी हसून लोटपोट, पण चूक काहीच नाही! पांढरे केस, हातात काठी, गावात मान, शिष्यांवर डाफरणं. तरी 'बुवा' म्हटलं की पुढ्यात तानपुरा दिसतो. तासाभराने आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, "मास्तर!" झालं काम. माइस्टर आणि मास्तर हे तर सख्खे चुलतभाऊ, आणि आपल्या नाटक कंपन्यांमध्ये मास्तर ही हाक पिढ्यान् पिढ्या चाललेली.

मास्तरांचं काम पाउल ह्योर्बिगरने केलंय. बेर्बेले आपल्याला 'तसं' समजत नाही हे लक्षात येतं तेव्हाचा त्याचा चेहरा! तिथे मी सबटायटल अर्धा सेकंद उशिरा आणलं. त्या वेळी कुणी खाली बघू नये.

आईला इथे 'शारदा' आठवलं. देवलांचं हरिपूर सांगलीपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आमच्या घरात ते नाटक नात्यातल्यासारखं आहे. 1899 सालच्या त्या नाटकात म्हाताऱ्या भुजंगनाथाचं लग्न मोडावं म्हणून प्रेक्षक जीव मुठीत धरून बसतात. "हे मास्तर स्वतःहून मागे सरतात. म्हणून यांच्यावर रागावता येत नाही, आणि म्हणूनच जास्त वाईट वाटतं," आई म्हणाली. हे वाक्य सबटायटलमध्ये घालता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवलं.

17 मे

गाणी. आधी माल्वीनेचं. मूळ ओळीत तिला मधमाशीची उपमा आहे, कारण जर्मनमध्ये 'माल्वीनं' आणि 'बीनं' यांचं यमक जुळतं. बीनं म्हणजे मधमाशी. सगळी गंमत त्या यमकात, उपमा बिचारी यमकापायी जन्मलेली.

पहिला खर्डा: 'माल्वीने गं माल्वीने, माशीसारखी उडतेस'. आईने कपाळावर हात मारला. "अगं, माशी बसते कशावर?"

दुसरा: 'मधमाशी तू, माल्वीने'. अर्थ बरोबर, पण यमक गेलं आणि गाण्याचा जीवही गेला.

तिसरा, बराच वेळ डोकं खाजवून: 'माल्वीने गं माल्वीने, फुलं चाखशी गोडीने'. संबोधनातलं 'ने' आणि तृतीयेतलं 'ने'. जर्मन नावाला मराठी विभक्ती अशी उपयोगी पडेल असं शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी व्याकरण जरा मन लावून केलं असतं. मधमाशीचं नाव न घेता मधमाशी राहिली. आईने बोट वर केलं.

'ब्लॅक फॉरेस्टच्या पोरी सहजी नाही मिळायच्या' हे दुसरं गाजलेलं गाणं एका बैठकीत झालं. यमकासाठी ताणलं नाही. चालच इतकी उड्या मारणारी आहे की शब्दांकडे बघतो कोण.

18 मे, रविवार

घोटाळा. बाबांनी मंडळातल्या एका गृहस्थांकडून पेटी आणलीय. नाचाचं गाणं लावलं आणि ते सूर शोधत बसले. वीस मिनिटांनी वैतागून म्हणाले, "हे गाणं दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी अडकलंय. पेटी बरोबर आहे, तुझी तबकडी चढी आहे."

मला वाटलं वयाचा परिणाम. नंतर लक्षात आलं की बाबांचंच बरोबर! चित्रपट सेकंदाला 24 चित्रांनी घेतलेला, आणि युरोपातल्या डीव्हीडीवर तो 25 ने पळतो. चार टक्के वेग जास्त, म्हणून सूरही वर, पण पुरता अर्धा सूर नाही. मी इतकी वर्षं युरोपात जुने चित्रपट बघतेय, एकदाही कळलं नव्हतं.

बाबांसाठी चित्र 24 वर आणलं, पेटी जुळली. पण माझ्या सगळ्या वेळा 25 च्या! शंभर मिनिटांत चार मिनिटांचा फरक. शेवटाकडे तर विनोद आधी वाचून व्हायचा आणि पात्र तो सांगायचं खूप नंतर. सगळ्या वेळा 25/24 ने गुणल्या. एका बटणाचं काम होतं, ते बटण शोधण्यात रात्र गेली.

वॉल्ट्झ बाबांनी दादऱ्यात बसवलाय. ठेका तीन-तीनचा असला तरी झोका वेगळा, असं ते स्वतःच म्हणतात, आणि तरी वाजवतात.

29 मे, गुरुवार

येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी. हाउसाखला गाडी बदलून गुटाखला गेलो. टोपीचं प्रकरण तिथल्या लोकांकडूनच ऐकायचं होतं.

टोपीचं नाव 'बोलेनहूट'. बोलेन म्हणजे गोंडे. गवती टोपीला चुन्यासारखा पांढरा गिलावा, त्यावर लोकरीचे चौदा गोंडे. त्यांतले अकरा दिसतात, बाकीचे त्यांच्याखाली दडलेले. वजन दोन किलोपर्यंत जातं. गोंडे लाल म्हणजे मुलगी अविवाहित, काळे म्हणजे लग्न झालेली. आई काचेपाशी उभी राहून म्हणाली, "मंगळसूत्र बरं. निदान मान तरी दुखत नाही."

आणि मग मुद्द्याची गोष्ट. ही टोपी सबंध ब्लॅक फॉरेस्टची नाहीच! गुटाख, किर्नबाख आणि राइशेनबाख या शेजारशेजारच्या तीन गावांची ती, आणि ही गावं प्रोटेस्टंट, कारण ती पूर्वी व्युर्टेम्बर्गच्या राज्यात होती. चित्रपटातलं गाव मात्र कथीड्रलचा मास्तर असलेलं आणि संत सिसिलियाचा उत्सव करणारं, म्हणजे पक्कं कॅथलिक. बाहेरची बरीच दृश्यं घेतलीत सांक्ट पेटरला, जिथे बेनेडिक्टाइन साधूंचा मोठा मठ होता. म्हणजे आपल्याकडे कुणी महाराष्ट्र दाखवायचा म्हणून पंढरपूरच्या वारीत सगळ्या बायकांना कोळणींचं लुगडं नेसवावं, तसं. पण चित्रपट असा चालला, की आज विमानतळावरच्या चुंबकांपासून हॅमच्या पाकिटापर्यंत ब्लॅक फॉरेस्ट म्हटलं की हीच टोपी. चित्रपटाआधीही ती प्रसिद्ध होतीच, चित्रकारांनी आणि पोस्टकार्डांनी तिला फिरवलं होतं. रंगीत पडद्याने शिक्का मारला.

परतताना गाडीत सुचलं: या ऑपेरेटावर याआधी तीन चित्रपट झाले, 1920, 1929 आणि 1933 मध्ये. तिन्ही कृष्णधवल. म्हणजे गोंडे लाल की काळे, मुलगी मोकळी की लग्न झालेली, हे पडद्यावर कळायची सोयच नव्हती! बाबांना भलताच प्रश्न पडला. "1920 चा म्हणजे मूकपट ना? संगीत नाटकाचा मूकपट?" हो. 1929 चासुद्धा. वाद्यवृंद थिएटरात बसून वाजवायचा. "मग वन्समोअर कुणाला द्यायचा?" यावर गाडी कार्ल्सरूहला पोचेपर्यंत चर्चा.

फोहग्ट्सबाउअर्नहोफ हे 1612 चं शेतघर पाहिलं. माणसं, गुरं, चारा सगळं एका भल्यामोठ्या उतरत्या छपराखाली. त्यावर वेगळं लिहीन.

8 जून, रविवार

दहा दिवस काही लिहिलं नाही. ऑफिस होतं, पण खरं कारण ते नाही. श्रेयनामावलीचं सबटायटल करायला बसले आणि अडकले.

'संगीत: लेऑन येसेल'. पडद्यावर हे नाव इतर नावांच्या ओघात येतं आणि जातं. हा कोण होता म्हणून मी वाचायला घेतलं.

जन्म 22 जानेवारी 1871, श्टेटीनचा, ज्यू कुटुंबात. 1894 मध्ये ख्रिस्ती झाला. 'कथलाच्या शिपायांचं संचलन' ही त्याची छोटी रचना जगभर वाजते. लेकीने शिटी वाजवून दाखवली, तिला शाळेत माहीत होती. 25 ऑगस्ट 1917 ला बर्लिनच्या कोमिशे ओपरमध्ये हा ऑपेरेटा रंगमंचावर आला. संहिता आउगुस्ट नाइडहार्टची. आदल्या हिवाळ्यात बर्लिनमध्ये लोकांनी बटाटे नाहीत म्हणून सलगम खाऊन दिवस काढले होते, आणि या नाटकात जंगल, जत्रा, व्हायोलिनं. चालणारच होतं. पुढे शेकडो प्रयोग.

येसेल स्वतःला अस्सल जर्मन मानायचा. राजकारणातही राष्ट्रवाद्यांच्या बाजूचा. नाझींच्या सांस्कृतिक संघटनेत घ्या म्हणून त्याने अर्जसुद्धा केला होता. फेटाळला. मग त्याच्या रचनांवर बंदी आली. 1939 मध्ये व्हिएन्नातल्या आपल्या संहिताकाराला, विल्यम श्टेर्कला, त्याने एक पत्र लिहिलं: ज्यूंच्या द्वेषाच्या या काळात मला काम सुचत नाही, दारावर कधी थाप पडेल सांगता येत नाही, अशा आशयाचं. श्टेर्कच्या घराच्या झडतीत ते पत्र सापडलं. 15 डिसेंबर 1941 ला गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, येसेलला पकडलं. तिथे झालेल्या छळाने 4 जानेवारी 1942 ला बर्लिनच्या ज्यू रुग्णालयात तो गेला. सत्तर वर्षांचा होता.

साडेआठ वर्षांनी हा चित्रपट आला आणि दीड कोटीच्या घरात लोकांनी पाहिला. देशाची लोकसंख्याच तेव्हा पाच कोटी. त्याच वसंतात रेशन संपलं होतं, शहरं अजून ढिगाऱ्यात होती, आणि पूर्वेकडून हाकलून दिलेली लाखो माणसं 'आपलं गाव' या शब्दानेच रडत होती. पडद्यावर एकही पडकी भिंत नाही. येसेलचं श्टेटीन 1945 नंतर पोलंडमध्ये गेलं. तो जगला असता तर त्यालाही परत जायला गाव नव्हतं.

आणखी एक. मास्तर झालेला ह्योर्बिगर, त्याला 1945 च्या सुरुवातीला गेस्टापोने विरोधकांना मदत केल्यावरून तुरुंगात टाकलं होतं. तो मेला अशी बातमीही बीबीसीने दिली होती. पाच वर्षांनी तोच माणूस येसेलच्या चालींवर भोळा, प्रेमात पडलेला मास्तर रंगवतोय. त्याच्या चेहऱ्यापाशी मी सबटायटल थांबवलं होतं, तेव्हा यातलं काही मला माहीत नव्हतं.

9 जून

सुट्टीचा सोमवार. घरात दोन तट.

नवऱ्याचं म्हणणं: लोक रविवारची करमणूक म्हणून येणार, सुरुवातीलाच गेस्टापो कशाला. बाबांचं म्हणणं: नांदीत कवीचं नाव येतंच, त्यात लपवण्यासारखं काय. आई म्हणाली, "दोन ओळींत बसेल तेवढंच सांग. तुझाच नियम."

रात्री अकरापर्यंत कापत बसले. चरित्र बसत नाही. चित्रपटाच्या श्रेयनामावलीखाली आता एवढंच आहे:

संगीत : लेऑन येसेल (1871–1942)
गेस्टापोच्या कोठडीतल्या छळाने मृत्यू

नवरा म्हणाला, ठीक आहे. पडद्यावर नाव साधारण जितका वेळ राहतं त्यात आईचं वाचून झालं, पण तिने बोट वर केलं नाही. विचारलं तर म्हणाली, "झालं होतं वाचून."

22 जून

कोरडी कामं. टीव्हीच्या यूएसबीवरून फाइल चालवली तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे, 'मि'ची 'म' आणि एक बेवारस काठी. 'दुसऱ्या'चे तीन तुकडे. शेवटी अक्षरं चित्रातच छापून टाकली. टंकाने ल आणि श हिंदी वळणाचे दिले. भाषा 'मराठी' अशी नोंदवल्यावर आपले ल-श आले. नवऱ्याला फरक दिसला नाही. बाबांना दिसला.

एक योगायोग इथेच नोंदवते: त्याच 1950 च्या डिसेंबरात पूर्व जर्मनीच्या डेफा कंपनीचा पहिला रंगीत चित्रपट आला, तोही ब्लॅक फॉरेस्टमधलीच गोष्ट. हाउफची परीकथा, कोळसे पाडणाऱ्या तरुणाची, जो पैशासाठी काळीज विकून छातीत दगड घेतो. दोन्हीकडे फिल्म आग्फाकलर. दोन देश वेगळे झाले आणि दोघांनीही रंग हाती येताच कॅमेरा एकाच रानाकडे वळवला.

12 जुलै, शनिवार

खेळ. हॉल घ्यायचा म्हणजे जाहीर प्रदर्शनाचे हक्क विकत घ्यावे लागतात, म्हणून घरातच. अकरा मोठी माणसं, चार पोरं, दोन पातेली मिसळ. मंडळातल्या कुणाकुणाचे आई-वडील, सगळे जुलैचे पाहुणे.

येसेलची ओळ आली तेव्हा मिसळीचे चमचे वाजत होते. तीन-चार जणांचे थांबले. मग बँड सुरू झाला.

'गोडीने'ला हशा आला. मास्तरांच्या प्रसंगात एक काकू मोठ्याने म्हणाल्या, "अरेरे, बिचारा." शेवटच्या गाण्याला बाबांनी "वन्समोअर" दिला आणि मला खरंच मागे न्यावं लागलं.

चुका: 412 क्रमांकाचं वाक्य अर्धा सेकंद उशिरा. 'र्‍योमर' कुणालाच उच्चारता आलं नाही. सराफाच्या प्रसंगातला बर्लिनी विनोद पडला, मराठीत मुळात तो नव्हताच.

चहाच्या वेळी त्याच काकूंनी विचारलं की संगीतकाराच्या घरचं कुणी राहिलं का. मी बर्लिनच्या विल्मर्सडॉर्फमध्ये त्याच्या नावाचा चौक आहे एवढंच सांगू शकले.

20 जुलै

412 दुरुस्त. विमान वेळेवर पोचलं. पेटी परत केली.

सांगलीहून सकाळी बाबांची व्हॉट्सअ‍ॅपवर ध्वनिफीत: माल्वीनेचा मुखडा, काळी दोनमध्ये, मागे कुकरच्या शिट्ट्या. खाली लिहिलंय, "सावकाश वेगाची प्रत पाठव. इथे तिघांना दाखवायचीय. शारदेच्या तालमीतले आहेत, सुरांना पक्के."

फाइल मोठी आहे. आत्ता 38 टक्के वर गेलीय.